करताना काय चुकलं?

आमच्या फिशटँकमध्ये रोज सकाळी अकरा वाजता उजाडतं. एकदम नाही, अर्ध्या तासात हळूहळू. संध्याकाळी सात वाजता मावळायला लागतं, तेही तसंच सावकाश. मग रात्री साडेनऊ ते साडेबारा पाण्यात फिकट निळं चांदणं असतं आणि त्यानंतर पूर्ण काळोख. माशांचा सूर्य माझ्या सोयीने उशिरा उठतो, कारण संध्याकाळी घरात सगळे असताना टाकी दिसायला हवी आणि दिवसभरात आठ-साडेआठ तासांपेक्षा जास्त उजेड दिला तर शेवाळ माजतं.

हे सगळं जो डबा करतो तो मी स्वतः केला आहे. डबा म्हणजे खरोखरच डबा, नातवाच्या जुन्या टिफिनचा. माझं वय त्र्याहत्तर. शिक्षण बी.ए. (मराठी), बी.एड. तेहेतीस वर्षं माध्यमिक शाळेत मराठी शिकवलं.

कौतुक व्हावं म्हणून हे लिहीत नाही. लिहायचं कारण वेगळं आहे. हा डबा करत असताना मला एकच वाक्य इतक्या जणांकडून ऐकावं लागलं की शेवटी त्याचा राग यायला लागला. ते वाक्य म्हणजे, "विकत मिळतं की!"

मुलगा बेंगळुरूहून फोनवर म्हणाला, "आई, कशाला डोळे फोडतेस? लिंक पाठवतो, परवापर्यंत घरी येईल." शेजारचे निवृत्त बँक मॅनेजर म्हणाले, "मॅडम, तुमच्या वेळेची काही किंमत आहे की नाही?" आणि माझा एक जुना विद्यार्थी, आता चांगला इंजिनियर आहे, तो भेटायला आला तेव्हा टेबलावरच्या तारा बघून म्हणाला, "बाई, हे तुमचं काम नाही हो." बोलला प्रेमानेच. पण लागलं ते तेच.

आता आधी हे कबूल करते की विकत मिळतं. माझ्या डब्याला सगळं मिळून बाराशेच्या आसपास खर्च आला. चुकीच्या खरेदीचे पैसे त्यात धरलेले नाहीत. तेवढ्यात किंवा थोड्या जास्तीत तयार वस्तू येते. म्हणजे बचत म्हणून हा उद्योग अजिबात परवडत नाही. तरी मी म्हणते, करावा.

सुरुवात कशी झाली ते सांगते. नातू शिकायला पुण्याला गेला आणि त्याची दोन फुटी टाकी माझ्याकडे आली. दिव्याला साधा फिरत्या चकतीचा टायमर होता. तो मेन्सवर चालतो, म्हणजे वीज गेली की घड्याळही थांबतं. आमच्याकडे दुरुस्तीच्या नावाखाली आठवड्यातून एकदा तरी तीन-चार तास वीज जाते. महिन्याभरात माशांचा दिवस इतका मागे पडला की रात्री आम्ही झोपायला निघालो तरी टाकीत भर दुपार. दुसरी गोष्ट म्हणजे दिवा फटकन लागायचा. काळोखात स्थिर असलेले टेट्रा त्या क्षणी घाबरून सैरावैरा पळत आणि काचेला धडकत. त्यांना पापण्या नाहीत, बिचारे डोळे मिटणार कसे? रोज सकाळी ते बघून मला आमच्या वसतिगृहातल्या रेक्टरबाई आठवायच्या. पहाटे पाचला याच पद्धतीने ट्यूबलाइट लावायच्या.

तेव्हा गरज दोनच गोष्टींची होती. वीज गेली तरी वेळ न विसरणारं घड्याळ आणि हळूहळू वाढणारा उजेड.

घड्याळ सोपं निघालं. डीएस३२३१ नावाची चिप असलेली छोटी पट्टी मिळते. तिला नाण्याएवढा सेल असतो, वीज नसताना त्यावर ती वेळ धरून ठेवते. वर्षाला फार तर मिनिटभर इकडेतिकडे. (कुणी करणार असाल तर एक सांगून ठेवते. या स्वस्त पट्ट्यांवर बहुधा सेल चार्ज करणारी जोडणी असते. साधा सीआर२०३२ सेल चार्ज करायचा नसतो. त्यामुळे तिथला एक छोटा रेझिस्टर काढून टाकावा लागतो.)

मेंदू म्हणून आर्डुइनो घेतला. हा बोर्ड २००५ साली इटलीतल्या इव्रिया गावी जन्मला, आणि जन्मला तो डिझाइन शिकणाऱ्या, इंजिनियर नसलेल्या मुलांसाठी. त्याचे आराखडे सगळ्यांना खुले ठेवलेले आहेत, म्हणून त्याच्या स्वस्त प्रती पुण्याच्या तपकीर गल्लीतही मिळतात. 'हे तुमचं काम नाही' म्हणणाऱ्या माझ्या विद्यार्थ्याला हा इतिहास माहीत नव्हता. मुळात ते ज्यांचं काम नाही त्यांच्यासाठीच तर केलेलं!

उजेड कमीजास्त करण्याची युक्ती मला फार आवडली. दिवा मंद करायचा म्हणजे वीज कमी करायची, असं मला वाटत होतं. तसं नाही. बोर्ड दिवा सेकंदाला सुमारे ४९० वेळा चालू-बंद करतो. त्यातला चालू राहण्याचा वाटा कमी केला की आपल्या डोळ्याला उजेड मंद वाटतो. हा वाटा शून्यापासून २५५ पर्यंतच्या आकड्यांत सांगायचा. अर्धा तास म्हणजे १८०० सेकंद. त्याला २५५ ने भागलं की साधारण सात. म्हणजे दर सात सेकंदांना एक पायरी चढायची. हा हिशेब मी भाजी निवडता निवडता तोंडी केला आणि स्वतःवरच खूश झाले.

आणि इथून पुढे सगळं चुकत गेलं.

पहिली चूक. बोर्डाच्या एका पिनेतून वीस मिलिअँपिअरच्या आसपासच वीज घ्यावी आणि माझ्या पांढऱ्या पट्ट्यांना लागणार जवळजवळ दीड अँपिअर, म्हणजे सत्तर पटींहून जास्त. म्हणून मध्ये मॉसफेट नावाचा भाग लावतात. बोर्डाने नुसती खूण करायची, जड वीज मॉसफेटने सोडायची. शाळेत घंटेची वेळ हेडमास्तर सांगतात आणि टोल शिपाई देतो, तसं. मी चिठ्ठीवर 'आयआरएफझेड४४एन' लिहून नेलं, दुकानदाराने तेच दिलं. घरी जोडलं तर पूर्ण उजेड मागूनही दिवा मिणमिणता, आणि तो मॉसफेट मात्र हात लावू देईना इतका गरम. चार दिवस तारा तपासल्या. पाचव्या दिवशी कळलं की मला हवा होता 'आयआरएलझेड४४एन'. एफच्या जागी एल! एफवाल्याला नीट उघडायला दहा व्होल्टची खूण लागते, माझा बोर्ड देतो पाच. तो अर्धवट उघडत होता आणि उरलेली वीज अंगावर घेऊन तापत होता. एलवाला पाच व्होल्टला व्यवस्थित उघडतो.

तेहेतीस वर्षं मी मुलांचे एकेका वेलांटीसाठी गुण कापले. 'दिन' आणि 'दीन' यांत फरक असतो रे, असं ओरडून सांगितलं. त्या सगळ्यांचा सूड एका मॉसफेटने घेतला.

दुसरी चूक. प्रोग्रॅमचा पहिला मसुदा मी चॅटबॉटला मराठीत सांगून करून घेतला, ते लपवत नाही. हल्ली ती सोय आहे. पण निळं चांदणं मागाहून मी स्वतः त्यात घातलं. लिहिलं की साडेनऊ वाजून गेले असतील आणि साडेबारा वाजायचे असतील, तर निळा दिवा लाव. निळा दिवा लागेचना. तारा बदलल्या, पट्टी बदलली, काही नाही. शेवटी रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या उलगडा झाला. संगणकाचं घड्याळ चोवीस तासांचं. मध्यरात्रीनंतरचे साडेबारा म्हणजे त्याच्या लेखी शून्य वाजून तीस मिनिटं. एकवीस तीसच्या पुढे 'आणि' शून्य तीसच्या आत, अशी वेळ कोणत्याही दिवसात येतच नाही! तिथे हवं होतं 'किंवा'. उभयान्वयी अव्ययाची चूक! समुच्चयबोधकाच्या जागी विकल्पबोधक. आठवीला हे मी किती वर्षं शिकवलं. त्या भाषेत 'किंवा' लिहायला दोन उभ्या रेघा काढतात, अगदी ओवीच्या शेवटी असतात तशा. रात्री उठून त्या दोन रेघा घातल्या आणि पाणी निळं झालं.

तिसरी चूक माझ्या त्या भाजी निवडताना केलेल्या हिशेबाची. दर सात सेकंदांना एक पायरी, हे गणित बरोबर होतं. पण उजाडताना सुरुवातीला उजेड टप्प्याटप्प्याने उड्या मारायचा आणि नंतर पंधरा मिनिटं काही बदलतंय असं वाटायचंच नाही. कारण आपला डोळा फरक नाही मोजत, पट मोजतो. एकाचे दोन झाले तर उजेड दुप्पट. दोनशेचे दोनशे एक झाले तर कुणाला कळणार? उपाय म्हणून आकड्याचा वर्ग करून त्याला २५५ ने भागायचं. म्हणजे पाव तासानंतर १२८ ऐवजी ६४ वर असायचं. तेव्हा कुठे पहाटेसारखी पहाट झाली.

(आणि एक, यात चूक करून चालत नाही असं. टाकीजवळ फक्त बारा व्होल्टची पट्टी, तीही पाणी न शिरणारी. २३० व्होल्टचा अडॅप्टर लांब भिंतीवर. वायर बोर्डाकडे जाताना आधी खाली लोंबती ठेवायची, म्हणजे थेंब ओघळला तरी सॉकेटपर्यंत जात नाही. घरात तीस मिलिअँपिअरचा आरसीसीबी आहे ना, ते बघून घ्यायचं.)

आता मूळ मुद्द्याकडे येते. मी तयार वस्तू मागवली असती तर यातलं काय मला कळलं असतं? काहीच नाही. टाकी याहून चांगली दिसली असती कदाचित. पण मॉसफेट, डोळ्याचं गणित, मध्यरात्र ओलांडण्याची अडचण, हे सगळं मला चुकांनी शिकवलं. विकत आणलेली वस्तू चुकत नाही. बिघडते, आणि बिघडली की फेकायची असते. तिचं झाकण उघडू नये म्हणून वर सूचना चिकटवलेली असते.

गेल्या वर्षी एका शाळेच्या विज्ञान प्रदर्शनाला परीक्षक म्हणून बोलावलं होतं. एका टेबलावर आपोआप लागणारा पथदिवा होता. देखणा, चकचकीत, रस्ता, झाडं, गाड्या सगळं. मुलाने माहिती घडाघडा म्हटली. मी विचारलं, "करताना काय चुकलं रे?" त्याने वडिलांकडे बघितलं. वडील हसून म्हणाले, "काही नाही चुकलं मॅडम, चांगला बघून आणलाय." त्या भल्या माणसाला आपण काय बोललो हे कळलंही नाही. त्यांचा दोष नाही. प्रकल्प 'आणायचा' असतो हे त्यांना शाळेनेच शिकवलं. नोव्हेंबर-डिसेंबरात स्टेशनरीच्या दुकानांत ज्वालामुखीपासून सूर्यमालेपर्यंत सगळं तयार टांगलेलं असतं.

शेवटच्या टेबलावर एक मुलगी होती, बाटल्या आणि सलाइनच्या नळ्या जोडून पाणी चढवायचा पंप केला होता. गळत होता. खाली फडकं घातलेलं. तिला तोच प्रश्न विचारला तर दहा मिनिटं थांबेना. झडप आधी उलटी बसली, मग फुग्याचं रबर फाटलं, मग सायकलची ट्यूब कापून घेतली, मग भाऊ रागावला. तिला बक्षीस मिळालं नाही. गुणपत्रिकेत 'नीटनेटकेपणा' होता, 'सादरीकरण' होतं. तिचे गुण घालायला रकानाच नव्हता. मी माझे गुण दिले, पण तीन परीक्षकांच्या बेरजेत ते वाहून गेले.

दुसऱ्यांना नावं ठेवायच्या आधी स्वतःचं सांगायला हवं. शिक्षक कमी असले की पाचवी-सहावीचं विज्ञान मराठीवाल्यांकडे यायचं. तसं ते माझ्याकडे काही वर्षं होतं. विद्युत मंडलाचा धडा. फळ्यावर घट, कळ, दिवा यांची आकृती काढली. एक मुलगी दप्तरातून सेल, वायर आणि बॅटरीचा बल्ब घेऊन पुढे आली. "बाई, खरंच लावून बघू का?" मी म्हणाले, "वेळ नाही. आकृती सुबक काढ, तीच परीक्षेला येते." ती जागेवर जाऊन बसली. आकृती खरंच सुबक काढली तिने, पैकीच्या पैकी गुण दिले मी. आज माझ्या टेबलावर बल्ब लागला तेव्हा ती मुलगी आठवली. खरं सांगायचं तर मला तेव्हा वेळ नव्हता असं नाही. तो बल्ब नाही लागला तर का नाही लागला, हे मला सांगता आलं नसतं. त्याची भीती होती. 'काय चुकलं' हा प्रश्न विद्यार्थ्यापेक्षा शिक्षकालाच जास्त घाबरवतो.

आणि हे आपल्याकडे कुणी सांगितलंच नव्हतं असंही नाही. हाताच्या कामातून शिक्षण द्या, हे गांधीजींनी १९३७ साली वर्ध्याच्या शिक्षण परिषदेत मांडलं. डॉ. श्रीनाथ कलबागांनी १९८३ साली पुणे जिल्ह्यातल्या पाबळला विज्ञान आश्रम काढून, शाळा सोडलेल्या मुलांना प्रत्यक्ष कामातून शिकवून दाखवलं. आता पैसाही आहे. २०१६ पासून देशात दहा हजारांच्या आसपास अटल टिंकरिंग लॅब उभ्या राहिल्या, एकेकीला वीस लाखांपर्यंत अनुदान. २०२५ च्या अर्थसंकल्पात सरकारी शाळांसाठी आणखी पन्नास हजार जाहीर झाल्या. पण गुण जर नीटनेटकेपणालाच मिळणार असतील, तर ती लॅब म्हणजे पाहुण्यांना दाखवायचं काचेचं कपाट होईल. सामान महाग पडेल म्हणून मुलांना हात लावू द्यायचा नाही आणि प्रदर्शनाला संच विकत आणायचा. वीस लाखांनी रकाना बदलत नाही.

मला कुणी म्हणेल, बाई, सगळंच घरी करत बसायचं का? नाही हो. दळण मी गिरणीतूनच आणते आणि साबण दुकानातून. वेळ सगळ्यांना कमी असतो, हेही मान्य. पण आयुष्यात एक तरी वस्तू अशी असावी जी आपण केली, आपल्या हातून चुकली आणि आपणच दुरुस्त केली. मग बाकीच्या हजार विकतच्या वस्तूंकडे बघायची नजर बदलते. त्या कुणा माणसाने केल्या आहेत, त्याच्याही चार चुका झाल्या असतील, झाकण उघडता येतं, हे कळतं. ज्याला हे कधी कळलंच नाही तो पुढे फक्त गिऱ्हाईक होतो. वस्तूचं, औषधाचं, बातमीचं, पुढाऱ्याचंही. समोर ठेवलेलं उचलायचं, आत काय आहे ते विचारायचं नाही. एवढं मोठं या वाक्याच्या पोटात आहे, म्हणून मला 'विकत मिळतं की'चा राग येतो.

तेव्हा शाळांमधल्या माझ्या धाकट्या सहकाऱ्यांना एकच विनंती आहे, अभ्यासक्रम बदलायची वाट न बघता करता येण्यासारखी. प्रकल्पाच्या गुणपत्रिकेत हाताने एक रकाना आखा. वर लिहा, 'करताना काय चुकलं?' दहापैकी पाच गुण त्याला ठेवा. ज्याचं काहीच चुकलं नाही त्याला शून्य. दुकानांना या प्रश्नाचं उत्तर पुरवणं जड जाईल. पुरवायला लागलीच, तर पुढचा प्रश्न विचारा, "मग तू काय केलंस?" आणि मुलाने तोच प्रश्न तुम्हाला विचारला आणि उत्तर आलं नाही, तर तसं सांगा. मी सांगितलं नाही, तुम्ही सांगा.

मुलगा दिवाळीला आला तेव्हा टाकीसमोर खुर्ची टाकून बसला होता. सात वाजले, मावळायला लागलं, मासे हळूहळू झाडांच्या मुळाशी गेले. म्हणाला, "छान झालंय गं. पण वर काळ्या टेपने काय चिकटवलंयस?" मी म्हटलं, तिथे भोक चुकीच्या जागी पडलं होतं. बस, सांगते सगळं.